मागच्या सीटवरून पुढे

पुण्यात मुलींच्या हाती स्कूटर दिसणं नवं नव्हतं. मोटरसायकल मात्र भावाची, नाहीतर नवऱ्याची. २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी इथेच 'बायकर्नी' हा महिलांचा गट उभा केला आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या कितीतरी जणी पुढे सरकल्या.

पुण्याजवळच्या चाकणला बनलेली केटीएम २०० ड्यूक ही मोटरसायकल २०१२ मध्ये आली. कॉलेजच्या पोरांना तिने वेड लावलं. पण शोरूममधून चालक घडून येत नाही.

तो घडतो मोकळ्या मैदानात. क्लच सोडताना गाडी गचका खाऊन बंद पडते, पाय लटपटतात. तेव्हा शेजारी उभं राहून 'पुन्हा, सावकाश' म्हणणारं कुणीतरी लागतं. जुन्या रायडरांनी लडाखच्या सफरींच्या गप्पा जरूर माराव्यात, पण रविवारची एखादी सकाळ शिकाऊ पोरीलाही द्यावी, अगदी हेल्मेटचा पट्टा आवळण्यापासून.