मागच्या सीटखालचा आवाज

पेट्रोल गाडीची चावी एक खटका फिरवली आणि स्टार्टर मारला नाही, तर बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. हा फ्युएल पंपाचा आवाज. इंजिन सुरू होण्याआधी तो पाइपात पेट्रोलचा दाब तयार करून ठेवतो. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही हा आवाज माहीत नसतो, कारण इंजिन लगेच त्याला झाकून टाकतं. आमच्या घरी तो माहीत झाला अब्बांमुळे.

अब्बा म्हणजे माझे सासरे. आठवड्यातून दोनदा त्यांना खेडहून चिपळूणला डायलिसिससाठी न्यावं लागतं. मुलांचे वडील नोकरीसाठी कुवेतला, त्यामुळे गाडी मीच चालवते. अब्बा मागच्या सीटवर उशीला टेकून बसतात. जाताना गप्पा मारतात, येताना डोळे मिटून पडलेले असतात. गेल्या पावसाळ्यात परतताना ते म्हणाले, "बेटी, माझ्या खाली कुणीतरी शिट्टी वाजवतंय." पुढे बसून मला काहीच ऐकू येत नव्हतं. आठवडाभरात ती शिट्टी पुढच्या सीटपर्यंत पोहोचली आणि परशुराम घाटाच्या चढणीवर गाडी दोनदा अडखळली. डायलिसिस करून आलेला अशक्त माणूस मागे, बाहेर पाऊस, मागून ट्रकची रांग. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर काय, या विचाराने रात्री झोप लागेना.

गॅरेजवाल्या चाचांनी पाइपाला प्रेशर गेज लावलं. दाब जेवढा हवा तेवढा चढत नव्हता. गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललेली, पंप झिजला होता.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि इंजिनाच्याच जोरावर चाले. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडवलेला असतो. साध्या पेट्रोल इंजेक्शनला साधारण तीन बार, म्हणजे 43-44 पीएसआय दाब लागतो. टायरमध्ये आपण 30-32 भरतो, त्याच्याशी ताडून पाहा. पेट्रोल पंपाच्या मोटरमधूनच वाहतं, तेच तिला थंड ठेवतं आणि वंगणाचंही काम करतं. "मग आग कशी लागत नाही?" माझ्या नववीतल्या मुलीने विचारलं. चाचांनी सांगितलं, जळायला हवा लागते, आणि पेट्रोलात बुडालेल्या मोटरला ती मिळतच नाही.

आता प्रश्न नव्या पंपाचा. चाचांनी तीन प्रकार समोर ठेवले. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, सगळ्या जोडणीसह. तो मागवायला आठवडा लागणार होता. दुसरा, सुटे भाग बनवणाऱ्या चांगल्या कंपनीचा, ज्याला बाजारात आफ्टरमार्केट म्हणतात. तो त्याच दिवशी मिळत होता आणि किंमत पहिल्याच्या जवळपास एक तृतीयांश. तिसरा, नाव-गाव नसलेल्या खोक्यातला किंवा मोठ्या नावाची नक्कल केलेला. "हा मी बसवत नाही टीचर, दुसरीकडे जा," चाचा म्हणाले. बाहेरचा आणि नकली हे दोन वेगळे शब्द आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. गाड्यांच्या कंपन्या सहसा पंप स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो यांसारखे उत्पादक त्यांना पंप पुरवतात आणि स्वतःच्या डब्यातूनही विकतात.

डायलिसिसची तारीख आठवडाभर थांबणारी नव्हती. आम्ही दुसरा पंप बसवला. गाडी घाट सहज चढली, पण अब्बा म्हणाले, "शिट्टी गेली, आता भुंगा आलाय."

आवाज खरंच जास्त आहे की नुसता वेगळा आहे? माझ्या नणंदेकडे याच मॉडेलची गाडी आहे आणि तिचा पंप मूळचाच आहे. एका रात्री इशाच्या नमाजनंतर वस्ती शांत झाल्यावर दोन्ही गाड्या अंगणात उभ्या केल्या. दोन्ही टाक्या अर्ध्या, काचा बंद, फोन मागच्या सीटवर एकाच जागी. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवायची आणि मुलीने फोनवरचा आकडा टिपायचा. प्रत्येक गाडीत पाच वेळा. फोनवरचे आकडे अचूक नसतात, पण फोन तोच आणि जागा तीच असेल तर दोन आकड्यांमधला फरक कामाचा असतो. आमचा पंप सहाएक डेसिबलने मोठा निघाला.

डेसिबलचा हिशेब किलो-मीटरसारखा सरळ नसतो. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे सहाचा फरक कानाला कळण्याइतका होता, पण भुंग्याचा काही भोंगा झाला नव्हता!

कागद घेऊन पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी आधी गेज लावलं. दाब बरोबर होता आणि गाडी बंद केल्यावरही टिकून राहत होता. मग त्यांनी कारण समजावलं. गाडीची कंपनी पंप, त्याचा प्लास्टिकचा डबा, रबर, टाकी, वरचा गालिचा हे सगळं एकमेकांना जुळवून बनवते. बाहेरचा पंप बऱ्याचदा अनेक मॉडेलना चालेल असा बनवलेला असतो, त्यामुळे सोबतचं रबर कधी पातळ निघतं आणि मोटरची थरथर थेट डब्याला लागते. पंपाच्या आतल्या रचनेनेही फरक पडतो. बारीक पात्यांच्या चाकाचा पंप पेट्रोल सलग ढकलतो, म्हणून शांत असतो. रोलरचा पंप ते हप्त्याहप्त्याने ढकलतो, म्हणून जास्त घुमतो. आमचा पात्यांचाच होता, रबर मात्र सैल होतं. चाचांनी योग्य मापाचं रबर घातलं. पुन्हा मोजलं तेव्हा फरक निम्म्यावर आला. त्या शुक्रवारी परतताना अब्बा घाटात झोपले होते.

एवढ्या खटपटीतून मला पटलेली गोष्ट एकच. पंप किती मोठ्याने बोलतो, यापेक्षा तो कालच्यापेक्षा वेगळं बोलतो का, हे महत्त्वाचं. वर्गात मुळातच बडबडं असलेल्या मुलाची शिक्षकाला काळजी नसते. ज्याचं बोलणं अचानक बदलतं, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. नवा बाहेरचा पंप पहिल्या दिवसापासून थोडा घुमत असेल, दाब बरोबर असेल आणि आवाज तसाच राहत असेल, तर तो चांगला असू शकतो. मूळचा शांत पंप मात्र शिट्टी वाजवू लागला तर थांबू नये. जाळी तुंबलेली असते, टाकीत पेट्रोल कमी असतं, रबर कडक झालेलं असतं किंवा पंप झिजलेला असतो. यातली पहिली तीन कारणं वेळीच कळली तर स्वस्तात निभावतं.

आपल्या घरांत गाडी अनेकदा म्हाताऱ्या माणसांसाठी, बाळंतिणीसाठी, दवाखान्यासाठी निघते. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये, कारण पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. सीएनजीवाल्यांनी तर हे जास्तच पाळावं. अशा बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकी कोरडी ठेवण्याच्या सवयीने पंप जळतो. पंप बदलताना जाळी, सील आणि रबरही बदलून घ्यावं, बिल आणि खोकं जपून ठेवावं. दुकानदार "आवाज अजिबात नाही" म्हणाला तरी गेजवरचा दाब दाखवायला सांगावं. आणि टाकीचं झाकण घरी कधीच उघडू नये. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. ते काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून, जाणत्या कारागिरानेच करावं.

गाडीत मागे बसणाऱ्याचं म्हणणंही ऐकावं. पंप त्याच्याच सीटखाली असतो, आणि चालवणाऱ्याच्या आधी आवाज त्यालाच कळतो.