माळेनंतरच्या गप्पा

वसईत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी एकेका घरी शेजारपाजार जमतो. पाच रहस्यांची माळ होते, लितनी होते, आणि मग चणे, वेफर, चहा. प्रार्थना अर्ध्या तासाची, गप्पा तासभर: कुणाच्या मुलाला व्हिसा मिळाला, कुणाच्या केळीवर रोग पडला, कुणाचं लग्न जमतंय. लहानपणी वाटायचं, अर्धी मंडळी चहासाठीच येतात. आता वाटतं, आली तरी काय बिघडलं? आली म्हणून माळ झाली.

भक्ती आणि मौज यांचं हाडवैर असल्यासारखं आपण बोलतो. चर्चचा कायदा तसं बोलत नाही. 1983च्या धर्मसंहितेत रविवारच्या मिस्सेचं बंधन ज्या कलमात आहे, त्याच कलमात शरीरमनाची विश्रांतीही आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते. आमची तरुण पोरं ती गाठतात आणि रविवारी पहाटे सहलीला निघतात. सवलत काही सहलीसाठी दिलेली नाही, पण मला त्यात वावगं दिसत नाही. उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजतानाही रविवार वगळतात. प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला!

स्वतः येशू काना गावच्या लग्नाला गेला होता, तोही आई आणि शिष्यांसह. जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून त्याला खादाड ठरवणारे धार्मिक लोक होतेच. त्यांचे वारस आजही भेटतात. बारशाचं आमंत्रण आलं की यांची नेमकी प्रार्थनासभा असते. लग्नासाठी प्रार्थना चुकवणारा आणि प्रार्थनेच्या नावाखाली माणसं चुकवणारा, दोघंही टाळाटाळच करतात. पहिल्याला निदान ती कळत असते.

पण माळेच्या गर्दीत बसलो की सगळं साधलं, असंही नाही. घोळक्यात मला देवापुढे गप्प बसता येत नाही; ओठ चालू राहतात आणि कान शेजारणीच्या बांगड्यांकडे. एकट्याने बसायची प्रार्थना वेगळी, आणि खरी ओढाताण तिचीच. मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूममधली एक संध्याकाळ आहे. सूर्य मावळल्यावर आजाऱ्यांना घेऊन सगळं गाव दाराशी लोटलं. दुसऱ्या दिवशी बराच अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले: सगळे तुम्हाला शोधताहेत. त्याला काही मोकळा वेळ सापडला नव्हता. लोक उठायच्या आत त्याने तो काढून घेतला होता.

मला यात तोल सांभाळणं दिसत नाही, क्रम दिसतो. गप्पांना वेळ द्यावा लागत नाही, त्या आपला वेळ आपण घेतात. एकांताला तेवढा जोर नाही; त्याची वेळ आधी ठरवली नाही तर दिवस संपतो. म्हणून लांबलचक नेम धरू नका, आठवड्याभरात मोडेल. दहा मिनिटं पुरेत. पहाट जमत नसेल तर दुपार ठरवा, विरार लोकलमधली खिडकी ठरवा, पण ठरवा. आणि ती दहा मिनिटं झाली की मित्रांकडे खुशाल जा, उशीर झाला असला तरी.