फलकावरून उतरवलेलं चित्र

ते चित्र फलकावरून उतरवलं गेलं, त्याचा राग इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून गेलेला नाही. आता मी निवृत्त आहे, डोंबिवलीत राहते. २०२५च्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत बालचित्रकला स्पर्धेचा कागद लागला, विषय 'आपले शूर जवान', आणि सगळं पुन्हा वर आलं. २२ एप्रिलला पहलगामला अतिरेकी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली होती. त्यांतले सहा जण महाराष्ट्रातले, आणि त्या सहांपैकी तिघे आमच्या डोंबिवलीचे. भागशाळा मैदानावर त्यांना निरोप द्यायला गर्दी लोटली, तीत आईबापांचं बोट धरून आलेली मुलंही होती. थोड्याच दिवसांत त्याच मुलांच्या हातात रंगपेटी देऊन त्यांना रणगाडा काढायला सांगत होते. त्यांना काय काढावंसं वाटतंय, हे कोणीही विचारत नव्हतं.

२००८ साली मी दक्षिण मुंबईतल्या एका मराठी शाळेत चौथीची वर्गशिक्षिका होते. २६ नोव्हेंबरच्या अतिरेकी हल्ल्यात काय झालं ते सांगायला नको. बुधवारी रात्री सुरू झालेलं शनिवारी सकाळी संपलं, १६६ माणसं गेली. शाळा बंद होत्या आणि मुलं घरात होती. एका खोलीच्या घरात टीव्ही एकच असतो आणि तो सगळ्यांसमोर असतो. मोठ्यांनी तीन दिवस तो बंद केला नाही, मुलांनीही तीन दिवस तेच पाहिलं. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना पाहिले, ताज हॉटेलच्या घुमटाखालून निघणाऱ्या ज्वाळा पाहिल्या. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाब या हल्लेखोराच्या खटल्याच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये अशा कारवाया थेट दाखवायला नियमानेच बंदी आली. ती सुरक्षेच्या कारणाने आली. मुलांच्या डोळ्यांचा विचार त्यात कुणी केला होता, असं मला वाटत नाही.

सोमवारी, १ डिसेंबरला वर्ग भरला. परिपाठाला दोन मिनिटं मौन झालं. मग मोठ्या बाईंनी शिक्षकांना बोलावून सांगितलं, वर्गात हा विषय काढायचा नाही, मुलं घाबरतील, अभ्यासक्रम मागे पडलाय तो पुढे न्या. मी वर्गात गेले आणि हजेरी घेऊन होईपर्यंत एका मुलाने विचारलं, "बाई, ताजला एकूण किती वेळा आग लागली?" त्याने मोजलं होतं, त्याचा आकडा चुकतोय असं त्याला वाटत होतं. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी प्रत्येक वेळी नवी आग लागत होती, प्रत्येक वेळी नवी माणसं खिडकीत उभी होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतल्या लहान मुलांबद्दलही अगदी हेच नोंदवलं गेलं, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की मुलं घाबरतील म्हणून गप्प बसायचं, हे म्हणणं फोल आहे. घाबरायचं ते होऊन गेलं होतं.

मी विषय काढला नाही. त्यांनी काढला, मी अडवलं नाही. तुम्हाला काय काय माहीत आहे, एवढंच विचारलं. जे बाहेर आलं त्यात अर्धं खोटं होतं. अजून वीसजण पळालेत, समुद्रातून आणखी बोटी येतायत, शाळांचा नंबर लागणार आहे. आधी ते खोटं निस्तरावं लागलं. अशा वेळी मुलांना समजावायला बसणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आधी मुलाचं ऐका, कारण तुम्ही ज्याचं उत्तर देताय ते त्याने विचारलेलंच नसतं.

मधल्या सुट्टीत 'ताज-ताज' सुरू झालं. कमांडो व्हायला सगळे तयार, अतिरेकी व्हायला कोणी नाही. मग वर्गातल्या एका मुसलमान मुलाला सांगितलं गेलं, तू कसाब हो. तो झाला. पहिल्या दिवशी हसत झाला, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिला. एका पालकांना बोलावलं, तर ते म्हणाले, "पोरं आहेत बाई, खेळतात." पोरं हे शब्द कुठून आणतात ते त्यांनाही ठाऊक होतं. मी वर्गात सांगितलं की व्हीटी स्टेशनवर जी माणसं गेली त्यांत मुसलमान प्रवासीही होते, आणि मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मेलेल्या अतिरेक्यांना आपल्या जमिनीत जागा द्यायला नकार दिलाय. खेळ मी बंद केला नाही, शिपाईमामांनी दोनदा सुचवलं तरी. मुलं हातपाय हलवून जे बाहेर काढतात ते दाबून काही मिळत नाही. फक्त मी त्यांना विष्णु झेंडे यांच्याविषयी सांगितलं. ते स्टेशनावरचे उद्घोषक. गोळ्या सुरू झाल्यावर ते आपल्या खोलीतून माइकवर लोकलच्या प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहिले, आणि त्यामुळे कितीतरी माणसं वाचली. दुसऱ्या दिवसापासून खेळात उद्घोषक आला. मग स्ट्रेचर आलं, डॉक्टर आले. तो मुलगा उद्घोषक झाला आणि त्याने ती जागा सोडली नाही.

आता चित्राचं. पंधरवड्यात संस्थेने स्पर्धा ठेवली, 'शूरांना वंदन'. सगळ्या वर्गांची निवडक चित्रं प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या फलकावर लागणार, पाहुणे येणार, वर्तमानपत्रात फोटो येणार. माझ्या वर्गातली एक मुलगी अत्यंत अबोल. तिचे वडील व्हीटीला सफाई कामगार. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी फरशी धुण्याच्या कामावर ते होते. मुलांसमोर त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. रात्री मुलं झोपली असं समजून बायकोला सांगत होते, ते हिने गोधडीत पडून ऐकलं. हे मला कधी कळलं? चित्र पाहिल्यावर, तिच्या आईला बोलावलं तेव्हा.

चित्र तैलखडूंनी काढलेलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांसमोर लोक सामान घेऊन बसायचे, ते मोठं दालन. वर उंच कमानी, तिने त्या एकेक करून काळजीने काढल्या होत्या. माणूस एकही नाही. रक्त नाही, बंदूक नाही. सगळ्या फरशीभर बॅगा. सुटकेसा, दोरीने बांधलेली बोचकी, एक झाकण निघालेला डबा, लहान मुलाची एक चप्पल. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'या बॅगा कोणी नेल्या?'

मी बत्तीस वर्षं शिकवलं आणि मुलांची हजारो चित्रं पाहिली असतील. यापेक्षा खरं चित्र मी पाहिलेलं नाही. मी ते निवडलं, चित्रकलेच्या सरांनीही मान डोलावली आणि ते फलकावर लागलं. कार्यक्रमाच्या सकाळी संस्थेचे एक पदाधिकारी तयारी बघायला आले. फलकासमोरून चालत आले आणि त्या चित्रापाशी थांबले. "हे काय आहे? यात शूर कुठे आहे?" मी शेजारीच उभी होते. मी सांगितलं की मुलीचे वडील तिथे कामाला आहेत, तिने ऐकलेलं आहे. ते म्हणाले, "हे अशुभ दिसतं. बाकीच्या मुलांवर वाईट परिणाम होईल." आणि शिपाईमामांना खूण केली. शिपाईमामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. पदाधिकाऱ्यांनी स्वतः हात घालून ते ओढलं. टाचण्या न काढता ओढलं, त्यामुळे वरचा एक कोपरा फाटला, एक कमान गेली. त्या जागी बाजारातून आणलेला छापील तिरंगा चिकटवला.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या वाईट नव्हत्या, पण त्या म्हणाल्या, "वर्तमानपत्रवाले येतायत, आज वाद नको." मी म्हटलं, ती मुलगी आत्ता जिना चढून येईल आणि तिला पहिली ती रिकामी जागा दिसेल. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी आलीच. तिने फलक पाहिला, शोधलं, मग वर्गात येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "बाई, माझं चुकलं का?" तिने एवढंच विचारलं. मी तिला सांगितलं की तुझं काहीही चुकलेलं नाही. पण चौथीतल्या मुलीला बाईंच्या शब्दापेक्षा फलक मोठा असतो. बक्षीस मशिनगन घेतलेल्या जवानाच्या चित्राला मिळालं. तो मुलगाही माझ्याच वर्गातला, आणि चित्र चांगलं होतं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी ते फाटलेलं चित्र चिकटपट्टी लावून वर्गात लावलं. आठवड्याने तेही काढायला सांगितलं गेलं. मी काढलं नाही, तेव्हा माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी दिला. त्यात काय लिहिलं ते अजून पाठ आहे, पण इथे सांगत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या मुलीला प्रश्न पडला होता, आणि त्याला उत्तर होतं. मी तिच्या वडिलांना भेटून विचारलं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं की सामान पोलिसांनी गोळा करून घेतलं, मेलेल्यांची, जखमींची माणसं येऊन ओळख पटवून घेऊन जात होती. हे त्यांनी मुलीला सांगावं, एवढीच माझी विनंती होती. त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण नंतर मुलगी पुन्हा त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेली, असं तिच्या आईकडून कळलं.

शूरांना वंदन करू नये असं मी म्हणत नाही. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे या शहीद पोलिसांची नावं माझ्या वर्गाला तोंडपाठ होती. ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवली, हे मी सांगितलं तेव्हा वर्ग निःशब्द झाला. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी गरोदर बायकांना आत नेऊन वाचवलं, हेही नंतरच्या वर्गांना मी सांगत आले. पण शौर्याची गोष्ट ऐकायची असेल तर आधी भीती बोलू द्यावी लागते. मुलाच्या हातात रायफलचं चित्र दिलं की भीतीला जागाच उरत नाही. ती जात नाही, ती अंथरुणात येते. त्या डिसेंबरात किती मुलांनी पुन्हा गादी ओली केली, ते आयांनी मला हळू आवाजात सांगितलं.

इतकं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. त्याच वर्गात पोलीस लाइनीतला एक मुलगा होता. वडील ते तीन दिवस ताजबाहेर बंदोबस्तावर. ते परत येईपर्यंत घरात काय झालं असेल, मी कल्पनाच करू शकते. तो वर्गातल्या गप्पांत कधी बोलला नाही. अलीकडे दादरला भेटला, आता नोकरी करतो. मी हरखून विचारलं, आठवतं का, आपण वर्गात सगळं बोलायचो? तो म्हणाला, "आठवतं बाई. पण मला ते नको वाटायचं. मला गणिताचा तास बरा वाटायचा. तिथे कोणी काही विचारायचं नाही." मी रात्रभर त्याचा विचार केला. बोललं म्हणजे मोकळं झालं, हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरं नसतं. कुणाला नेहमीसारखा पाढा, नेहमीसारखा डबा, नेहमीची शिट्टी एवढंच हवं असतं. मोठ्या बाई अभ्यासक्रम पुढे न्या म्हणाल्या, त्यात त्या मुलापुरतं तरी काही होतं. आज मी वर्गात असते तर दोन्हीला जागा ठेवली असती का? ठेवली असती असं म्हणायला मला आवडेल, खात्री नाही. चित्र उतरवणाऱ्या गृहस्थांबद्दलचं माझं मत मात्र त्याने बदललेलं नाही. मुलाला गप्प राहू देणं आणि मुलाला गप्प करणं, यात फार मोठं अंतर आहे.

आता तर घरातला टीव्ही बंद करून भागत नाही. पहलगामच्या चित्रफिती मुलांच्या हातातल्या मोबाइलवर होत्या, आजी-आजोबांच्या मोबाइलवरही होत्या, आणि घरची मोठी माणसंच त्या पुढे पाठवत होती. निदान मुलांसमोर लावू नका. मुलाने विचारलं, 'असं आपल्याकडे होईल का?' तर 'कधीच नाही' असं वचन देऊ नका, उद्या ते मोडलं तर तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहणार नाही. आपली काळजी घ्यायला कोण कोण आहे, हे सांगा. मूल आठवड्यांनंतरही झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन मोफत आहे, तिथे बोला.

आणि एक काम शाळांचं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश दिले, त्यात १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं म्हटलं आहे. आमच्या वेळी असं कुणी नव्हतं, कुठल्या शिक्षकाला काय सुचेल त्यावर सगळं अवलंबून होतं. पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुणांबद्दल विचाराल तेव्हा एवढंही विचारा: आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती दिवस येतो, आणि आमच्या मुलाला त्याच्याशी बोलायचं असेल तर कोणाकडे जायचं. उत्तर मिळालं नाही तर लेखी मागा.