एका फेरीचे काम

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी वेड लागतेच. मला सुतारकामाचे लागले. गावचे घर उतरवले तेव्हाची एक सागवानी फळी मी जपून ठेवली होती. आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणाला तिच्या बाजू करायच्या, पारव्याच्या शेपटीसारख्या डव्हटेल सांध्याने जोडायच्या, असे ठरले. फळी एकच. बिघडली तर दुसरी आणणार कुठून?

दुकानदाराने राउटरचे १४ अंशांचे, पाव इंची दांड्याचे बिट पुढे केले. "साहेब, सगळे हेच नेतात!"

नेत असतील. पण तो उतार बहुधा दर्शनी फळीत लपणाऱ्या सांध्याला वापरतात. मला आरपार दिसणारा सांधा हवा होता. सागाला ७-८ अंश पुरे. शेपटीची टोके उडत नाहीत, बिटाची मानही जाड राहते. (अर्थात जिग त्याच कोनाचे हवे.)

खरी मेख त्या मानेतच आहे, वाचकहो. साधे सरळ बिट थोडेथोडे खोल नेता येते. डव्हटेल बिट खाली रुंद, वर अरुंद. आधी उथळ फिरवले, तर जिथे अरुंद राहायचे तिथेच ते रुंद पाडते! म्हणजे सारी खोली एकाच फेरीत. मग बारीक दांडा थरथरणारच. मी अर्धा इंची घेतला, कार्बाइडच्या धारेचा, कारण सागातली सिलिका साध्या पोलादाला लवकर बोथट करते. मधले लाकूड आधी सरळ बिटाने काढले.

सांधा लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत बसला. सौभाग्यवतींनी बिटाची पावती वाचली आणि स्वयंपाकघरातली फडताळाची फळी कधी बसणार, एवढेच विचारले.