वर्णपटातील खळगा

'मौन', 'रिक्तता', 'अनुपस्थिती' हे शब्द आपल्या समीक्षेत फार सैल झाले आहेत. कवीने जे लिहिले नाही त्यात वाटेल ते वाचण्याची मुभा ते देतात. वर्गात ते शिकवताना मला नेहमी एकच प्रश्न अडवतो: रिकाम्या जागेचा पुरावा कोणता? त्याचे एक उत्तर मला समीक्षेबाहेर, क्ष-किरण खगोलशास्त्रात मिळाले.

शौरी तारकासमूहात हर्क्युलिस एक्स-1 नावाचा न्यूट्रॉन तारा आहे. तो आणि त्याचा जोडीदार 1.7 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. जोडीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो, चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने त्याच्या ध्रुवांवर कोसळतो, तापतो आणि दर 1.24 सेकंदांनी क्ष-किरणांचा एक स्पंद आपल्यापर्यंत येतो. तिथल्या इलेक्ट्रॉनांना हवी तेवढी ऊर्जा घेऊन फिरता येत नाही. ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि पायरीची उंची चुंबकीय क्षेत्र ठरवते. एक लाख कोटी गॉसला 11.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ते प्रमाण. (पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस.) नेमक्या त्या ऊर्जेचे किरण इलेक्ट्रॉन विखरून टाकतात. वर्णपटात तिथे खळगा पडतो.

1976 साली योआखिम ट्रुम्पर यांच्या गटाने टेक्ससमधून बलून सोडून हा वर्णपट टिपला. आलेखात काहीतरी होते, पण काय? 58 च्या आसपासचा उंचवटा, की 42 च्या आसपासचा खळगा? ठिपके तेच, वाचने दोन. खळगा दिसायचा तर तो नसता तेव्हा रेषा कशी गेली असती, हे आधी ठरवावे लागते. पुढच्या निरीक्षणांनी खळग्याच्या बाजूने कौल दिला. गुरुत्वाकर्षणातून वर चढताना किरण जी ऊर्जा गमावतात तिचा हिशेब धरून क्षेत्र तीन ते चार लाख कोटी गॉसच्या घरात निघाले. आपल्याकडे अनुपस्थितीचा दावा करणारा अपेक्षित रेषा क्वचितच काढून दाखवतो. माझी तक्रार एवढीच आहे.

अशाच खळग्यांचा वेध पुढे ॲस्ट्रोसॅटनेही घेतला. 2015 साली सोडलेल्या या उपग्रहावरचे एक क्ष-किरण उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

तरीही हे मोजमाप ज्या जागेतून किरण निघतात तिथले आहे, सबंध ताऱ्याचे नव्हे. हर्क्युलिस एक्स-1 अधिक तेजस्वी असतो तेव्हा खळगा किंचित वरच्या ऊर्जेकडे सरकतो. शिवाय 1996 ते 2012 या काळात त्याची ऊर्जा हळूहळू घटत गेली. इतक्या थोड्या वर्षांत ताऱ्याचे चुंबकत्व विरत नाही; ध्रुवावर साचलेल्या वायूच्या ढिगाऱ्याचा आकार बदलला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.