सामानाच्या तंबूत आई

व्हॅनमध्ये झोपायचं म्हणजे रोज रात्री एक शिफ्टिंग! खुर्च्या, शेगडी, ओल्या चपला... सगळं पुढच्या सीटवर आणि सकाळी पुन्हा मागे. आमची सेकंडहँड ओम्नी (मारुतीनं २०१९मध्येच ती बंद केली) तशीही इवलीशी. त्यात या डिसेंबरात आईलाही कोकणात न्यायचंय. म्हणून फक्त सामानासाठी एक छोटा तंबू घ्यायचं ठरलं.

पॉप-अप तंबू बघून मी जाम खूश. फेकला की उघडतो! पण मिटताना त्याच्याशी कुस्ती, आणि मिटल्यावर ही एवढी मोठी चकती. ठेवणार कुठे? दुसरा बुटका, हलका, वाऱ्यात टिकेल असा. नवरा म्हणाला, ‘हाच घेऊ, सामानाला उंची कशाला?’ पॉइंट होता. पण आईचे गुडघे! व्हॅनमध्ये उभं राहता येत नाही, मग तिनं साडी बदलायची कुठे? ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणायला तिला एवढं कारण पुरतं.

मग उंच तंबू घेतला. तो वारा जास्त खातो, मान्य. शिवाय कोकणात कातळावर खुंट्या शिरत नाहीत आणि वाळूत टिकत नाहीत. म्हणून स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणाराच निवडला. दोऱ्या व्हॅनला बांधायच्या, कोपऱ्यांत पाण्याचे कॅन. तळाचं कापड सुटं, त्यामुळे वाळू झटकता येते. शेगडी आत ठेवायची, पेटवायची नाही. लॅपटॉप मात्र व्हॅनमध्येच. चेनला कुलूप लावलं तरी शेवटी कापडच ते.

आईला फोटो पाठवला. रिप्लाय आला, ‘आरसा टांगायला हूक आहे का?’

आहे!