तिथी, तारीख आणि 'माझं कसलं!'

तर मंडळी, मला वाढदिवस दोन आहेत. एक तारखेचा, २ ऑक्टोबर. सगळ्या देशाला सुट्टी असते, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. गांधीजी आणि शास्त्रीजी आधीच नंबर लावून बसलेत. तोटा एवढाच, की नवा ड्रेस घालून वर्गात रावळगावच्या गोळ्या वाटायचं भाग्य शाळेत कधी लाभलं नाही. दुसरा वाढदिवस तिथीचा. १९८७ साली २ ऑक्टोबरला दसरा होता, त्यामुळे आईच्या हिशेबात मी 'दसऱ्याचा'. केक तारखेला आणि औक्षण दसऱ्याला, अशी आमच्या घरची वाटणी.

हे दोन वाढदिवस एकमेकांशी शिवणापाणी खेळत असतात. बारा चांद्रमहिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की टुणकन पुढे उडी मारते. पण १९ वर्षांत सात अधिक महिने धरून २३५ चांद्रमहिने होतात, आणि ते १९ सौरवर्षांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. फरक दोनेक तासांचा! मेटन या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. म्हणजे माणूस १९, ३८, ५७ वर्षांचा झाला की तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात, फार तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे. माझ्या बाबतीत २००६ साली दसरा २ ऑक्टोबरला आला आणि २०२५ सालीही. (हापिसात सगळे हळहळले, दोन सुट्ट्या एकात गेल्या म्हणून.)

आता बरोबर १९ वर्षांच्या अंतरावरची दोन व्हर्जन्स समोर असताना डिफ काढून बघणार नाही तो इंजिनियर कसला!

२००६ चा मी सांगलीला सेकंड इयरला होतो. ऑर्कुटवर (२०१४ साली बंद पडलं बिचारं) किती स्क्रॅप आले यावर वाढदिवस कसा गेला ते ठरायचं. त्या वर्षीच्या डायरीत एक यादी आहे. इंग्रजी फाडफाड बोलणे. सी प्लस प्लस पक्कं करणे. वजन वाढवणे. बावळट दिसणं बंद करणे. कॅम्पसमध्ये लागणे. यातलं बरंचसं झालंही. वजनाच्या बाबतीत तर टार्गेटच्या कितीतरी पुढे गेलो :)

पण आज ती यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. तिच्यातली प्रत्येक ओळ काहीतरी दुरुस्त करण्याबद्दल आहे. जणू मी म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडून गेलेला प्रोजेक्ट. पुढे नोकरी लागली आणि या यादीला अधिकृत फॉर्म मिळाला, अप्रेझलचा. 'सुधारणेला वाव' हा रकाना भरगच्च आणि 'जमेच्या बाजू' मध्ये दीड ओळ. कुणी कौतुक केलंच तर उत्तर तयार असायचं, "छे हो, माझं कसलं, टीमने केलं सगळं."

वर्षं अशी छान चालली होती. मग आला सप्टेंबर २०२३. पंधरा मिनिटांचा कॉल, एचआरची अनोळखी बाई, अतिशय सभ्य भाषा, आणि चौदा वर्षांच्या करिअरनंतर मी घरी. २ ऑक्टोबरला केक वगैरे काही नाही. दिवसभर एक्सेल उघडून बसलो होतो. होम लोनचा हप्ता, मुलीची फी, शिल्लक किती महिने पुरेल... तो वाढदिवस मी वयाने नाही, महिन्यांनी मोजला.

त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. कराडला गेलो. आमच्याकडे खंडेनवमीच्या पूजेत बाबांची पान्ह्यांची पेटी, आईची शिवणाची कात्री आणि माझा लॅपटॉप असा थाट असतो. पण लॅपटॉप कंपनीचा, तो कुरियरने परत गेलेला. पाटावरची माझी जागा रिकामी. मी उगाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो. थोड्या वेळाने बघतो तर त्या जागेवर माझा कॉलेजातला कॅसिओचा कॅल्क्युलेटर, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आई काही बोलली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी औक्षण. तेच ताम्हण, तेच निरांजन, सुपारी आणि तिची ती झिजलेली अंगठी. डोक्यावर अक्षता, मग कापूस ठेवून "कापसासारखा म्हातारा हो." ज्या वर्षी प्रमोशन मिळालं त्या वर्षी जेवढ्या वेळा ओवाळलं, तेवढ्याच वेळा ओवाळलं. ना एक कमी, ना सहानुभूती म्हणून एक जास्त.

औक्षण हा शब्द तोवर हजार वेळा ऐकला असेन. औक्ष म्हणजे आयुष्य. निरांजन समोर धरणारी बाई वर्षभरात काय डिलिव्हर केलंस असं विचारत नाही. तू आहेस, अजून एक वर्ष होतास, पुढेही राहा, बास. आपल्याकडे हा अप्रेझलच्या बरोबर उलटा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि मी तिथे फक्त पेढ्याकडे लक्ष ठेवून बसायचो!

जानेवारीत दुसरी नोकरी लागली. ती कशी लागली ही कथा काही विशेष नाही. विशेष हे, की तेव्हापासून स्वतःशी बोलायची भाषा बदलली. 'स्वतःवर प्रेम करा' म्हटलं की हल्ली स्पाचं कूपन आणि सोलो ट्रिपचे फोटो समोर येतात. त्यालाही ना नाही. पण माझ्यापुरता अर्थ साधा आहे. कोड रिव्ह्यू करताना आम्ही ज्युनियर पोरांना सांगतो, कॉमेंट कोडवर असते, तुझ्यावर नाही. बग सापडला म्हणजे तू वाईट ठरत नाहीस. हा नियम आता मी स्वतःलाही लावतो. याद्या आजही करतो. रात्री अकराचे कॉल घ्यायचे नाहीत, रोज चालायचं, शुगर ताब्यात आणायची. फक्त आता ही कामं आवडत्या माणसासाठी करतोय असं वाटतं. बावळट माणसाला सुधारायला नव्हे.

आणि 'माझं कसलं' हे वाक्य आलं कुठून, तेही कळलं. २०२५ च्या दसऱ्याला औक्षण झाल्यावर आईला म्हटलं, "आता तू पाटावर बस." तर म्हणाली, "माझं कसलं औक्षण? मला कुठं वाढदिवस आहे?" कागदोपत्री तिची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली, तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी. दर १ जूनला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो आणि ती तो न वाचता पुसते.

"पण झालीस कधी, कुणी काहीच सांगितलं नाही?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, एवढं तुझी आज्जी सांगायची."

अगं, मग श्रावण शुद्ध षष्ठी! इतकी वर्षं सगळ्यांच्या तिथ्या तोंडपाठ असलेल्या बाईची स्वतःची तिथी तिच्याजवळच होती. फक्त ती मोजावी असं कुणाला वाटलं नव्हतं, तिला तर नाहीच. पुढच्या श्रावणात मी कराडला जाणार आहे, हे तिला सांगून टाकलं. ताम्हण कुठे ठेवतात ते मला माहीत आहे.

"ये," म्हणाली, "पण केक आणू नकोस, त्यात अंडं असतं."

असो. तुमचं वय १९ च्या पाढ्यात बसत असेल तर यंदा पंचांग काढून बघा. बसत नसेल तरी घरच्या कुणाची तिथी विचारून ठेवा. आणि जाता जाता, कुणी कौतुक केलं तर "थँक्यू" म्हणून गप्प बसायचा सराव करा. मीही करतोय. अवघड आहे, पण जमतं हळूहळू.